बंद दाराआडची वीस मिनिटे

गेल्या महिन्यातील एका बुधवारची गोष्ट. दुपारचे चार वाजावयास आले होते. माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणतो, मिरजेहून सहज भेटीस आल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे सूनबाईंच्या खोलीकडे पाहून हाक दिली, "चहा टाकतेस ना ग?" उत्तर आले नाही. दार बंद होते. सूनबाई संगणकाच्या व्यवसायात आहेत. पुण्याच्या एका कंपनीचे काम त्या गेली चार वर्षे आमच्या सांगलीच्या घरातूनच करतात. दार बंद म्हणजे काम चालू, एवढे आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी बंद दाराआडून हसण्याचा आवाज येत होता. मध्येच कोणाचा तरी पुरुषी स्वर, पुन्हा हसणे, आणि पेला मेजावर ठेवल्याचा आवाज.

आक्का स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, "ही कचेरी म्हणायची की कट्टा? पगार कामाचा मिळतो की हसण्याचा?"

मी काही बोललो नाही, परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मनातून मला त्यांचे म्हणणे पटले होते. पस्तीस वर्षे हळदीच्या अडतीत घालविलेला मनुष्य मी. वेळेचा हिशेब हा आमच्या रक्तातच असतो. चहा सौभाग्यवतींनीच केला, जरा आदळआपट करीतच केला. वीस मिनिटांनी दार उघडले. सूनबाई बाहेर आल्या, आक्कांच्या पाया पडल्या, आणि चार जणांच्या चेहऱ्यांकडे पाहून काय घडले असावे ते त्यांच्या लक्षात आले.

रात्री प्रतिक्रमणानंतर त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "पप्पा, ती माझी कॉफीची वेळ होती. कंपनीनेच ठरवून दिलेली आहे. दर पंधरा दिवसांनी दोघादोघांची चिठ्ठी निघते. ज्याचे नाव येईल त्याच्याशी वीस मिनिटे बोलायचे. कामाचे मात्र बोलायचे नाही."

"कामाचे बोलायचे नाही, आणि तरी ते काम?" मी विचारले.

तेव्हा त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मला या महिन्याचा ठरलेला विषय बाजूस ठेवावासा वाटला.

त्यांच्या गटात एकंदर अकरा माणसे. दोन पुण्यात, तीन बंगळुरूस, एक कोईमतूरला, एक इंदूरला, अशी विखुरलेली. प्रमुख अमेरिकेत. या अकरांपैकी आठ जणांना सूनबाईंनी आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटांची एक सभा होते. काल काय केले, आज काय करणार, कोठे अडले, एवढे सांगून पडदा मिटतो. बाकी सारे लिहून. गेल्या वर्षी इंदूरचा सहकारी दोन दिवस रजेवर होता. कारण लिहिले होते 'व्यक्तिगत'. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण त्याच्याकडून येणारा एक भाग आणखी दोन दिवस आला नाही. सूनबाईंचे काम त्यावर अडलेले, वरून विचारणा सुरू झालेली. त्यांनी सर्वांस दिसेल अशा ठिकाणी लिहिले की, अमुक यांच्यामुळे चार दिवसांपासून काम थांबले आहे, त्यांनी कारण सांगावे. शब्द यापेक्षा थोडे तीक्ष्णच होते. त्याने उत्तरादाखल क्षमा मागितली आणि त्या रात्री जागून भाग पूर्ण करून दिला.

त्याचे वडील वारले होते. तिसऱ्या दिवसाचे विधी आटोपून तो संगणकासमोर येऊन बसला होता. हे सूनबाईंना तब्बल पाच महिन्यांनी कळले, आणि तेही अवचित. दुसऱ्याच एका सहकाऱ्याच्या बोलण्यातून.

"पप्पा, मी वाईट नाही हो," त्या म्हणाल्या, "मला माहीतच नव्हते. कोणालाच माहीत नव्हते. तो इतका एकटा होता की सांगायला त्याला कोणी नव्हते." नंतर कित्येक दिवस त्यांचे नोकरीवरून मन उडाले होते. राजीनाम्याचा मजकूर त्यांनी लिहून ठेवला होता, आणि घरात आम्हांस त्याचा गंधही नव्हता. भरल्या घरात सहा माणसांच्या राबत्यात बसून त्या तेथे तितक्याच एकट्या होत्या, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

वाचकहो, हाच प्रसंग आपल्या पेढीवर घडू शकला असता का, याचा जरा विचार करावा. मार्केट यार्डातील कोणत्याही दुकानात दुपारी सौदे आटोपले, काट्यावरची पोती हलली, की चहावाल्या पोऱ्याची तारेची फाळकी येते. दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवतात, हमाल पोत्यांच्या थप्पीला टेकतात, शेजारच्या दुकानचा मेहता येऊन उंबऱ्याशी उभा राहतो. त्या दहा मिनिटांत भावाचे बोलणे फारसे होत नाही. कोणाच्या मुलीचे जमले, कोणाच्या आईस दवाखान्यात हलविले, कोणता व्यापारी सध्या उसनवारीवर चालला आहे, हे सारे त्या अर्ध्या कपाबरोबर फिरते. आपल्यापैकी अनेकांनी बुडीत उधारी टाळली असेल ती खतावणी पाहून नव्हे, तर याच चहावर कानी आलेल्या एखाद्या वाक्यावरून. एखाद्या दिवाणजीच्या घरी दुःखद घटना घडली, तर तासाभरात सारी ओळ त्याच्या दारी उभी राहते. आपण याला कधी 'व्यवस्था' असे नाव दिले नाही, कारण ती कोणी बसविलेलीच नव्हती.

परदेशात मात्र या अर्ध्या कपावरून न्यायालयापर्यंत प्रकरण गेलेले आहे. ती कथा आपल्या व्यापारी मंडळींनी आवर्जून ऐकावी अशी आहे, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

अमेरिकेतील डेन्व्हर या शहरी लॉस विगवॉम वीव्हर्स नावाचा गळपट्ट्यांचे, म्हणजे नेकटायचे, कापड विणणारा कारखाना होता. मालक फिल ग्रीनेट्झ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मागावरची तरुण मुले युद्धकार्यासाठी निघून गेली. ग्रीनेट्झ यांनी वयस्क पुरुष घेतले. त्यांना नाजूक नक्षी जमेना. मग मध्यमवयीन स्त्रिया घेतल्या. त्यांचा हात नक्षीवर बसला, पण दिवसभर उभे राहण्याची ताकद टिकेना. मालकाने सर्वांस एकत्र बोलावून विचारले, काय करावे? स्त्रियांनी सांगितले, दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांची सुटी द्या आणि कॉफी-चहाची सोय करा. त्याने ती केली. परिणाम असा झाला की त्या स्त्रिया साडेसहा तासांत तितके काम उरकू लागल्या, जितके आधीच्या वयस्क कामगारांना आठ तासांत होत असे.

येथवर कथा गोड आहे. पुढे मालकाच्या अंगातील व्यापारी जागा झाला. सुटी लाभाची आहे हे पाहून त्याने ती सक्तीची केली, आणि तेवढ्या तीस मिनिटांचा पगार मात्र कापला. त्यामुळे काहींची मजुरी कायद्याने ठरविलेल्या किमान मजुरीच्याही खाली गेली. सरकारच्या श्रम विभागाने दावा लावला. 1956 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, ही सुटी जशी कामगाराच्या हिताची तशीच मालकाच्याही हिताची आहे, तिच्यामुळे काम अधिक आणि चांगले होते. तेव्हा ती पगारी वेळच होय. नफा आपल्या खात्यावर आणि खर्च दुसऱ्याच्या नावे, हा जमाखर्च न्यायालयाने मान्य केला नाही. गंमत अशी की त्याआधी चारच वर्षे, 1952 मध्ये, कॉफी पिकविणाऱ्या देशांच्या एका मंडळाने मोठी जाहिरातमोहीम काढून 'कॉफी ब्रेक' हा शब्द अमेरिकेच्या घराघरांत पोहोचविला होता. माल खपविण्यासाठी गाजविलेला शब्द चार वर्षांत मजुराचा हक्क होऊन बसला.

विश्रांतीने शरीर ताजे होते, हे समजण्यास न्यायालयाची गरज नाही. परंतु सूनबाईंच्या त्या वीस मिनिटांत विश्रांतीपेक्षा निराळे काही होते. त्याविषयी अधिक बोलका पुरावा एका बँकेतून येतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्राध्यापक ॲलेक्स पेंटलंड यांनी बँकेच्या एका दूरध्वनी-सेवा केंद्राचा अभ्यास केला. 2012 मध्ये त्यांनी त्याविषयी लिहिले. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात छोटी यंत्रे अडकवून कोण कोणाशी किती बोलते हे नोंदले. काय बोलते ते नव्हे. त्या केंद्रात नियम असा की कॉफीला सर्वांनी एकदम उठावयाचे नाही, एकेकाने पाळीपाळीने जावयाचे. आपल्याकडेही हेच आहे. गल्ल्यावर कोणीतरी हवेच. पेंटलंड यांनी सुचविले की एका गटातील सर्वांना एकाच वेळी सोडून पाहा. वेळ वाढविली नाही, कॉफी बदलली नाही, केवळ पाळी मोडली. मागे पडलेल्या गटांत एक दूरध्वनी निपटण्यास लागणारा सरासरी वेळ वीस टक्क्यांहून अधिक घटला, आणि साऱ्या केंद्राचा मिळून आठ टक्क्यांनी. बँकेने मग आपल्या दहाही केंद्रांत हा क्रम लागू करण्याचे ठरविले आणि त्यातून वर्षाकाठी दीड कोटी डॉलरांचा लाभ अपेक्षिला. अवघड ग्राहक कसा हाताळावा, हे तेथील माणसे पुस्तकातून नव्हे, पेला हाती घेऊन शेजारच्याकडून शिकत होती.

आता प्रश्न असा की, ज्या कचेरीला भिंतीच नाहीत तेथे पेला कोठे ठेवावयाचा? संगणकाच्या जगाचे आणि कॉफीचे नाते तसे जुने आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते आणि संशोधक निरनिराळ्या मजल्यांवर बसत. जिने उतरून यावे तो भांडे रिकामे. म्हणून 1991 मध्ये त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा बसविला आणि त्याचे चित्र सर्वांच्या पडद्यावर दाखविले. 1993 मध्ये ते चित्र साऱ्या जगाला खुले झाले आणि 22 ऑगस्ट 2001 रोजी तो कॅमेरा बंद होईपर्यंत लोक दुरून एक कॉफीचे भांडे पाहात बसले. ते नादुरुस्त भांडे लिलावात 3350 पौंडांना विकले गेले! माझ्या मते त्या शोधात एक खोट होती. जिने उतरण्याचे कष्ट वाचले हे खरे, पण रिकाम्या भांड्यापाशी दोघांची गाठ पडून जे चार शब्द झाले असते, तेही त्याबरोबर वाचले.

घरून काम केल्याने माणूस कमीच काम करतो, हा आपला समज मात्र नेहमी खरा ठरत नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. चीनमधील सीट्रिप या प्रवास-कंपनीने 2010च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्यात होते. इच्छुकांपैकी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना घरून काम दिले. घरी बसलेल्यांचे काम तेरा टक्क्यांनी वाढले. नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्यासारख्यास एवढ्यावर खाते बंद करण्याचा मोह झाला असता. परंतु प्रयोग संपल्यावर जेव्हा पुन्हा निवड विचारली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कचेरीत परत आले. मुख्य तक्रार होती एकटेपणाची. चिठ्ठी लागली म्हणून आनंदलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, आणि काम उत्तम चालले असतानाची आहे.

टाळेबंदीच्या वर्षी तर साऱ्या जगावरच ही चिठ्ठी लागली. मायक्रोसॉफ्टने 2020च्या पहिल्या सहा महिन्यांतील आपल्या अमेरिकेतील एकसष्ट हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की माणसे आपापल्या गटात अधिक घट्ट झाली, पण दुसऱ्या गटांशी असलेले पूल बारीक झाले. म्हणजे ओळ आहे, दुकाने आहेत, पण शेजारचा मेहता उंबऱ्याशी येईनासा झाला.

म्हणून मग काही कंपन्यांनी हा चहा मुद्दाम मांडावयास घेतला. गिटलॅब नावाच्या कंपनीस कचेरीच नाही. सर्व माणसे जगभर आपापल्या घरी. तेथे कोणाशीही कॉफीसाठी वेळ मागणे हा कामाचाच भाग मानला जातो आणि नव्याने आलेल्याने आरंभीच्या दिवसांत अशा काही भेटी घ्याव्यात असे त्यांच्या उघड्या नियमपुस्तकात लिहिलेले आहे. अन्यत्र संगणकच दोघांची नावे काढून देतो. सूनबाईंच्या कंपनीत हेच झाले.

पण येथे मी थोडा थांबतो. कारण चांगल्या गोष्टीची सक्ती झाली की तिचे काय होते, हे डेन्व्हरच्या कारखान्याने आपणांस दाखविलेच आहे. सूनबाईंच्या कंपनीत याआधी एक प्रयोग होऊन फसलेला आहे. दर शुक्रवारी सर्वांनी एकत्र 'कॉफी पार्टी' करावयाची. वेळ अमेरिकेतील प्रमुखांच्या सोयीची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. अकरा चेहरे अकरा चौकटींत. प्रमुख बोलणार, दोघे हसणार, बाकीचे आवाज बंद करून दुसरे काम करणार. कोणता प्राणी व्हावयास आवडेल असले प्रश्न. शेवटी सर्वांनी पेले उंचावून चित्र काढावयाचे. आमच्या घरी चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारी ती मुलगी रिकामा पेला उंचावून चित्रात हसत असे. तिने कोणास सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. माझ्या मते दिवसभराचे काम आटोपल्यावर, घरच्या वेळेतून कापून घेतलेला आनंद हा आनंद नव्हे, ती बिनपगारी पाळी होय.

आताची पद्धत निराळी आहे. दोनच माणसे. दुपारी चार वाजता, कामाच्या वेळेत. वरिष्ठ उपस्थित नाहीत, नोंद होत नाही, चित्र काढावयाचे नाही, आणि एखाद्यास त्या दिवशी बोलावेसे नसेल तर कारण न देता पुढे ढकलता येते. कॉफीच हवी असेही नाही. कोईमतूरची बाई त्या वेळी आपल्या झाडांना पाणी घालते म्हणे. दोघांत एकास गप्प बसता येत नाही, हे या रचनेचे मर्म असावे. अकरांच्या सभेत लाजरा मनुष्य लपतो. दोघांत त्यास विचारले जाते, आणि विचारलेले ऐकलेही जाते. पडद्यावरून चहाचा वास येत नाही, खांद्यावर हात ठेवता येत नाही, हे मान्य. पेढीवरच्या चहाची सर त्यास नाही. परंतु ज्यांना पेढीच नाही त्यांनी काय करावे?

हिशेब विचाराल तर तोही करून ठेवला आहे, कारण त्याविना माझे समाधान होत नाही. महिन्यातून दोनदा वीस मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटे. बावीस दिवस आठ तासांचे धरले तर एकशे शहात्तर तास. शंभर रुपयांच्या पगारात हे चाळीस पैशांहूनही कमी पडतात. हमाली-तोलाईत आपण याहून अधिक सोडतो आणि कोणी हूं की चूं करीत नाही.

या पद्धतीतील सूनबाईंची दुसरी की तिसरी चिठ्ठी त्या इंदूरच्या सहकाऱ्याबरोबर निघाली. पहिली दहा मिनिटे दोघेही हवामानावर बोलत राहिले म्हणे. मग यांनीच धीर करून सांगितले की, त्या वेळी मला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, ठाऊक नव्हते हे मलाही ठाऊक होते. आणि मग वडिलांविषयी बोलू लागला. त्यांचे सराफ्यात छोटे दुकान होते, ते चांदीची वस्तू कानाशी वाजवून पारखीत. आक्कांनी त्या बुधवारी जो पुरुषी स्वर ऐकला तो त्याचाच होता. पुन्हा त्याचेच नाव निघाले होते, आणि वडील गिऱ्हाइकाशी घासाघीस कशी करीत याची तो नक्कल करून दाखवीत होता.

हे ऐकून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. सूनबाईंपेक्षा मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली.

दूरवर माणूस बसवून काम करून घेणे आपणांस नवे नाही. आपल्या पूर्वजांचे गुमास्ते आणि मुनीम शेकडो कोसांवर बसत, आणि सारा व्यवहार चिठ्ठीवर चाले. त्या महाजनी चिठ्ठ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, आरंभी 'सिद्धश्री', मग गावाचे नाव, नंतर यथायोग्य नमस्कार, येथील क्षेम, तेथील क्षेमाची पृच्छा, आणि त्यानंतर कोठे भाव आणि हुंडी. लहानपणी मला वाटे, एवढी शाई आणि कागद का वाया घालवितात? टेलिफोन आला आणि आम्ही ती शाई वाचविली. आमचा एक दिवाणजी निझामाबादच्या हळद बाजारात खरेदीसाठी बसत असे. वीस वर्षांचा विश्वासू. रोज सकाळी फोन: आवक किती, भाव काय, किती पोती घेतली, ठेवा. ट्रंक कॉलचे मिनिटाचे पैसे लागत, म्हणून घाई. पुढे फोन स्वस्त झाला तरी घाई तशीच राहिली. एका हंगामात त्याच्या पट्ट्यांत चुका येऊ लागल्या. तीनाचा आठ, सहाचा शून्य. आम्ही फोनवर खडसावले, तो "चूक झाली शेठ" म्हणे. चुका थांबेनात. तेव्हा आम्ही जे करावयास नको होते ते केले. त्याला न कळविता दुसऱ्या माणसाकडून त्याची तपासणी करविली. एका पैशाची अफरातफर निघाली नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिसत नाही असे सांगितले तर काम जाईल, या भीतीने वर्षभर तो अंदाजाने आकडे लिहीत होता.

शस्त्रक्रिया आम्ही करविली, तो कामावर परतलाही. पण तपासणीची गोष्ट त्याच्या कानी गेली होती. दिवाळीस पूर्वी तो सांगलीस येऊन दोन दिवस राहात असे. त्यानंतर कधी आला नाही. वर्षभरात मी त्याच्याशी किमान तीनशे वेळा फोनवर बोललो असेन. त्यातील एकाही दिवशी मी विचारले नव्हते की, दिवाणजी, प्रकृती कशी आहे.

आज आमच्या चिरंजीवांचे कामही असेच चालते. इरोडला एक खरेदीदार आहे, वाशीच्या गोदामावर एक तरुण मुलगा आहे. व्हॉट्सॲपवर सकाळी भावाचे आकडे येतात, संध्याकाळी पोत्यांचे छायाचित्र येते. अंगठ्याचे चिन्ह जाते. आकड्यांत चूक नाही, म्हणजे सारे ठीक.

मी चिरंजीवांस न विचारताच दर शनिवारी दुपारी वाशीच्या त्या मुलास फोन करावयास लागलो आहे. पहिल्या शनिवारी माझा आवाज ऐकताच तो घाबरला. "शेठजी, काही चुकलं का माझं?" म्हणाला. मी म्हटले, नाही रे, चहा घेतलास का, ते विचारायला केला. तो म्हणाला, घेतला. मग आम्हां दोघांसही पुढे काय बोलावे ते सुचेना. दुसऱ्या शनिवारी त्याने आपणहून शिल्लक पोत्यांचा आकडा सांगितला. मी तो ऐकून घेतला. तिसऱ्या शनिवारी त्याने सांगितले की गोदामाच्या मागच्या बाजूस पत्रा गळतो आहे, चार वेळा छायाचित्रे पाठविली, पण आकड्यांच्या गर्दीत ती कोणी पाहिली नसावीत.

परवा चौथा शनिवार होता. मला फोन करावयास चार वाजून दहा मिनिटे झाली, तेव्हा त्याचाच आला. "शेठजी, चहा घेतला का?" असे विचारून तो म्हणाला, आईला गावाहून आणायचे मनात आहे, पण पावसाळ्यापूर्वी दोन दिवसांची सुटी मिळेल का, हे छोट्या शेठना कसे विचारावे ते कळत नाही. मी म्हटले, तूच विचार, मी त्याच्या शेजारी बसलो आहे.